बर्माची मूर्ती

"गडचिरोलीतून बर्माला पैसे? बंदुका मागवता काय बाई?"

बँकेतला साहेब हसत बोलला. रांगेतले लोकही हसले. त्याच्या टेबलापुढची खुर्ची रिकामी होती, पण मला बसा म्हणाला नाही.

बंदूक नव्हती. बुद्धाची मूर्ती होती, आमच्या विहारासाठी. भंतेजी बर्माला जाऊन तिथल्या कारागिराकडे पांढऱ्या दगडाची मूर्ती ठरवून आले होते. गावातल्या बायांनी धानाच्या रोवण्याच्या मजुरीतून पैसे जमवले. विहाराच्या मंडळाची सचिव म्हणून मी ते बँकेत भरले. इकडे चौथरा बांधून झाला आणि तिकडे पैसे वाटेतच अडकले.

साहेब म्हणाला, पैसे डॉलरमध्ये जातात, मध्ये अमेरिकेची बँक लागते. बर्माच्या लष्करी सरकारला वठणीवर आणायला अमेरिकेनं बंदी घालून तिथल्या सरकारी बँका कोंडल्यात. कारागिराचं खातं नेमकं तशाच बँकेत.

"जयपूरची घ्या ना. तुम्हा लोकांना काय फरक पडतो?"

तुम्हा लोकांना. हे मी शाळेपासून ऐकत आले. अंगाची आग झाली.

तेवढ्यात लाकडाचा व्यापारी आला. सरळ खुर्चीत बसला. त्याला चहा आला. आमच्या सागाच्या जंगलात राहून हा माणूस बंगलेवाल्यांना बर्माचा साग विकतो. दुकानाच्या पाटीवरच लिहिलंय. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"भाऊ, तुमचे पैसे बर्माले कसे जातेत जी?"

"आपले सिंगापूरवरून जातेत. तिथला दलाल पाहून घेते."

साहेब उगाच कागद चाळायला लागला. त्या लाकडाचा लिलाव तिथलं सरकारच करतं, हे भंतेजींकडून ऐकलं होतं.

"सायेब, ज्या सरकारले कोंडाचं होतं त्याले पैसे पोचून राह्यले. मंग मूर्तीवाल्याले काऊन नाई?"

"ते मोठ्या लोकांचं असते बाई. तुम्ही जा."

मी गेले नाही. बाजूची खुर्ची ओढली आणि बसले.

"पैसे काऊन अडले ते लिहून द्या. अन् बंदुकीचं काऊन इचारलं, तेही लिहून द्या."

या वेळी कोणी हसलं नाही.

लिहून काही मिळालं नाही. पैसे तेवढे परत आले. गावातले काही जण म्हणाले, जयपूरची आणू. मी नाही म्हटलं, बायाही नाही म्हणाल्या. पौर्णिमेला आम्ही रिकाम्या चौथऱ्यापुढेच वंदना घेतो. नवीन माणूस विचारतो, मूर्ती कुठं आहे? मी सगळं सांगते, चहासकट.

आता कुठल्याही टेबलावर कोणी बंदी आहे म्हणालं, की मी आधी विचारते, कोणावर? आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडत नाही.