पदरावरचा हात

साड्या विकल्या जातात, किस्से मात्र घरातच पडून राहतात. त्यांना गिऱ्हाईक नाही, रिटर्न नाही, आणि सेल लावून काढून टाकावेत म्हटलं तर तेही जमत नाही! सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत आता साड्या कमी आणि किस्से जास्त झालेत. बसलाच आहात तर ऐका थोडे.

आम्ही दोघी जावा. मी धाकटी, वैशाली. मोठ्या मंगलताई. दोघींचे नवरे लूमच्या कारखान्यात. मार्केटमधून साड्या आणायच्या, फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे, ऑर्डर आली की कुरिअर करायचं, एवढाच आमचा धंदा. गिऱ्हाईक सगळं गावाकडचं. धुळे, शिरपूर, अमळनेर, नंदुरबार.

सुरुवातीला व्यापारी पाठवायचा तेच फोटो आम्ही पुढे ढकलायचो. एक गोरीपान मॉडेल आणि मागे राजवाडा. पण तीच बाई आणि तोच राजवाडा सुरतेतल्या सगळ्याच ग्रुपांवर! बायका विचारायच्या, "ताई, रिअल फोटो टाका ना."

मग मंगलताईंना उभं केलं. आमच्या जेठांनी, म्हणजे ताईंच्या मिस्टरांनी, एकच अट घातली. "चेहरा दिसायला नको." म्हणून ताई साडीच्या मागे उभ्या राहायच्या आणि फोटोत यायचा तो फक्त पदर धरलेला हात. सावळा, भरलेला, मनगटात हिरव्या बांगड्या.

पहिल्याच आठवड्यात शिरपूरहून फोन आला. "साडी राहू द्या हो. त्या बांगड्या कुठे मिळतात?"

ताई चार दिवस हवेत होत्या. म्हणाल्या, "माझ्या लग्नातसुद्धा कुणी माझ्याकडे एवढं बघितलं नव्हतं!"

* * *

या धंद्यात खरं भांडण रंगावरून होतं. आमच्याकडे ट्यूबलाइट, गिऱ्हाइकाकडे पिवळा बल्ब. इथून मोरपंखी निघालेली साडी तिथे पोहोचेपर्यंत हिरवी होते!

अमळनेरची एक बाई दिवसभर फोन करत होती. फसवलं म्हणे. मी माफी मागून मागून थकले. शेवटी ताईंनी फोन हातात घेतला आणि सरळ अहिराणीत सुरू केलं, "माय, साडी तीच शे. तुना घरना बल्ब बदल!"

मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी तिचा फोटो आला. नवी ट्यूब, तिच्या उजेडात साडी आणि खाली लिहिलेलं, "बरोबर शे."

* * *

एका सुनेने लपून साडी मागवली. पत्त्यात शेजारणीचं नाव, खाली सूचना, "सासूबाईंच्या हातात देऊ नये." ही सूचना आम्ही पार्सलवर जशीच्या तशी, मोठ्या अक्षरांत लिहिली. आता काय सांगू! शेजारीण नेमकी बाहेर गेलेली, आणि कुरिअरवाल्याने पार्सल दिलं ते ओट्यावर बसलेल्या सासूबाईंच्या हातात.

आम्ही दोघी घाबरून बसलो. त्या सुनेच्या घरात काय चाललं असेल, या विचाराने मला जेवण गेलं नाही. संध्याकाळी सासूबाईंचाच मेसेज आला. "अजून एक पाठवा. पत्ता तोच. सुनेला सांगू नये."

* * *

रिटर्नचा हा किस्सा मात्र हसण्याचा नाही. एकीने साडी परत पाठवली. पार्सल उघडलं तर आत आमची साडी नव्हतीच. जुनं, विटलेलं पातळ होतं. दोन ठिकाणी रफू, काठाला ठिगळ, आणि ते ठिगळसुद्धा विरलेलं.

मी पेटलेच. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ होता. ग्रुपवर टाकून त्या बाईचं नाव सगळ्यांना सांगते म्हटलं.

ताईंनी ते पातळ मांडीवर घेतलं. बराच वेळ त्या रफूवरून बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "जिने हे एवढं नेसलं, तिला नवीन लागतच होतं. डिलीट कर तो व्हिडिओ."

मी डिलीट केला. राग मात्र तेव्हा गेला नव्हता, खोटं कशाला बोलू.

* * *

मग ताईंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मशीन लावायला हातातली नस जोडून घ्यावी लागते. आधी डाव्या हाताची जोडली, ती बंद पडली. हात सुजून राहिला. मग उजव्याची. डॉक्टरांनी सांगितलं, या हातात बांगडी नको, घड्याळ नको, वजन नको. असे दोन्ही हात मोकळे झाले.

मी म्हटलं, "ताई, आता फोटो राहू द्या."

"साडीला कसलं वजन?" त्या म्हणाल्या. "आणि घरात बसून करू काय? नुसती पेशंट होऊ?"

त्यांचं सगळं त्यातच होतं. स्वयंपाक सुटला, बाजार सुटला, पाणी मोजून प्यायचं. आपण अजून कशाला तरी लागतो, असं वाटायला तेवढा एक पदर उरला होता. मला ते कळत होतं, म्हणून मी फोटो काढत राहिले.

आणि ग्रुपवर मेसेज सुरू झाले. "ताई, काय हे! कधी झालं?" "खूप वाईट वाटलं." हात जोडलेली चित्रं, पणत्या, फुलं. दोघींनी तर भावपूर्ण श्रद्धांजलीच लिहिली. मोकळे हात बघून बायकांनी परस्पर जेठांनाच पोहोचवलं होतं!

जेठ तेव्हा समोर खुर्चीत, पायात चप्पल घालत होते, कारखान्यात निघालेले. ताईंनी सगळे मेसेज वाचले. मग मान वर करून म्हणाल्या, "अहो, तुम्ही गेलात म्हणे. चहा तरी पिऊन जा!"

जेठ हसले नाहीत. चप्पल काढून परत आत गेले आणि त्या दिवशी कामावरच गेले नाहीत.

* * *

नंदुरबारकडची एक आई. लेकीचं लग्न, आहेराच्या सगळ्या साड्या आमच्याकडूनच घ्यायच्या म्हणत होती. निवडून झाल्या, नावं लिहून झाली. आणि मग तिचा फोन आला. आवाज अगदी मऊ.

"राग मानू नका ताई. तुमच्या साड्या छानच आहेत. पण शुभकार्य आहे घरात. मोकळ्या हातांनी धरलेली साडी... घरातली मोठी माणसं ऐकत नाहीत हो."

मी सांगू शकले असते. नवरा जिवंत आहे, धडधाकट आहे, हात आजाराने मोकळे आहेत. अर्धं सांगितलंही. पण आजारी म्हटल्यावर तिचा आवाज आणखीच मऊ झाला, आणि मी ओळखलं की आता तर ऑर्डर नक्कीच गेली.

दुसऱ्या दिवशी ताई डायलिसिसला गेल्यावर मी स्वतः बांगड्या भरल्या, मोबाइल खिडकीत टेकवला आणि पदर धरून फोटो काढले. ताईंना विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि चोरीच होती ती.

पण ताई ग्रुपवर होत्याच की! मी ते विसरलेच कशी? फोटो पडल्यावर पाचच मिनिटांत, सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत, मंगलताईंचा मेसेज. "नवीन हात छान आहे."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. संध्याकाळी त्या घरी आल्या. चहा घेता यावा म्हणून पाणी दोन घोट कमी प्यायल्या, खाटेवर टेकल्या आणि मग म्हणाल्या, "हात कुणाचाही असू दे गं. पण पदर सरळ धर. तुझा वाकडा येतो."

त्या दिवसापासून मशीनवर पडल्या पडल्या त्या मला सूचना पाठवायच्या. अंगठा आत घे. काठ झाकू नको. जरा उजेडात सरक. मेसेज टाइप करताना हात हलायचा आणि नर्स ओरडायची, "मासी, हाथ सीधो राखो!" हे ताई मला घरी येऊन नर्सच्या आवाजात करून दाखवायच्या.

* * *

एवढी वर्षं धंदा केला, पण ताईंनी आमच्या मालातली एकही साडी स्वतःसाठी ठेवली नव्हती. सणाला जेठ आणतील ती. माहेरहून यायची तीही आई आणि भाऊ गेल्यापासून बंद झाली होती. तिथलं घरच आता कुलूपबंद आहे.

दिवाळीनंतर एकदा मी ग्रुपवर हिरव्या साडीचा फोटो टाकला. गर्द हिरवी, बारीक जरीकाठ. ताई दवाखान्यात होत्या. त्यांचा मेसेज आला, "ही मला बुक करा."

मला वाटलं, गंमत चाललीय. मीही लिहिलं, "मॅडम, सिंगल पीस आहे."

"कलर फिक्स आहे ना? नंतर वेगळा निघायला नको."

"फिक्स आहे मॅडम."

"दुसऱ्या बाजूने रिअल फोटो टाका. पत्ता घरचाच."

मी फोटो टाकला. ग्रुपवरच्या बायका हसण्याची चित्रं टाकत होत्या. मीही हसत होते. आज कितीतरी दिवसांनी ताई खुशीत आहेत, एवढंच माझ्या डोक्यात.

संध्याकाळी जेठांनी त्यांना रिक्षातून उतरवलं, धरून आत आणलं. मी साडी पिशवीतून काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी सुजलेल्या हाताने काठ चाचपून बघितला, घडी उलगडली, पदर बघितला. आवडली.

मी म्हटलं, "द्या इकडे, समोरच्या बाईकडून लगेच फॉल-पिको करून आणते."

त्यांनी घडी परत घातली आणि साडी उशाखाली सरकवली.

"फॉल कशाला गं? एकदाच तर नेसायची आहे!"