खुन्यांच्या गोष्टी ऐकणारा धारवाला

आमच्या चिखलीच्या सोसायटीच्या गेटाशी एक धारवाला सायकल उभी करतो. नाव मी कधी विचारलं नाही. पायाने चाक फिरवत तो सुऱ्या घासतो आणि हँडलला टांगलेल्या मोबाइलवर एकामागून एक माणसं मारणाऱ्या खुन्यांच्या गोष्टी ऐकतो. धार नखावर बघतो आणि स्वतःशीच हसतो. बायका घाबरल्या, त्यांनी तक्रार केली. मला मात्र हसू आवरत नाही.

मी म्हटलं, "एवढे मुडदे पाडून सापडत नाहीत, डोकं भारी असणार मेल्यांचं."

"कशाचं डोकं, आजी! शेजारी दारं लावून बसतात, म्हणून निभतं त्यांचं. समोर तुमच्यासारखी म्हातारी असली, तर पहिल्याच पोत्याला विचारेल, काय रे, काय नेतोस?"

मी पोट धरून हसले. तेवढ्यात चेअरमन त्याला कायमचं हाकलायला आले.

"उद्यापासून इथं दिसायचं नाही," म्हणाले, आणि मोबाइलवरचा खुनी नेमका पोलिसांच्या हातून निसटला. चेअरमन तिथेच उभे. तो पकडला जाईपर्यंत हलले नाहीत.

मग वर गेले आणि घरातली बोथट कात्री घेऊन खाली आले.