नुसतं वाचलं

ते प्रकरण आठवलं की आजही माझा हात खिशातल्या मोबाईलकडे जातो.

तेव्हा मी सांगली जिल्ह्यातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. कडेगावकडच्या एका खेड्यातली तरुण बाई सासऱ्यांबरोबर तक्रार घेऊन आली. नवरा फौजेत, सरहद्दीवर. तिला एका अनोळखी नंबरवरून मेसेज येत होते आणि त्यांत तिने नवऱ्याला लिहिलेलीच वाक्यं असायची.

"सकाळी ह्यांना लिवलं की दुपारी त्यो तेच मला परत धाडतोय," ती म्हणाली. "ह्यांना वाटतंय, मीच कुणाला तरी दाखवते. आता फोनबी उचलत न्हाईत."

हवालदारांनी विचारलं, "साहेब, शिवीगाळ नाही, धमकी नाही. कलम कुठलं लावायचं?"

प्रश्न रास्त होता. चोरी म्हणावी तर वस्तू जागची हलावी लागते. इथे काहीच हललं नव्हतं. उरला माहिती तंत्रज्ञान कायदा. तो झाला तेव्हा आमच्या खेड्यांत मोबाईलच नव्हते. त्याखालचा तपास निरीक्षकानेच करायचा, म्हणून तो माझ्याकडे आला. मला मात्र मेसेज वाचण्यापलीकडे फोनमधलं फारसं कळत नव्हतं.

सिमकार्ड भलत्याच माणसाच्या नावावर निघालं. सायबर शाखेकडून उत्तर येईना. शेवटी जुना मार्ग धरला. ठाण्यातल्या फोनवरून तिच्या नवऱ्याला विश्वासात घेतलं आणि तिला नेहमीसारखा नवऱ्यालाच मेसेज लिहायला सांगितला : 'उद्या दुपारी इस्लामपूर स्टँडवर एकटीच असेन.'

महिला शिपायासह आम्ही साध्या वेशात स्टँडवर थांबलो. तिच्यासमोर येऊन उभा राहिला तो तिचा चुलत दीर. तिचा नवा फोन त्यानेच सुरू करून दिला होता आणि त्याच वेळी तिचं मेसेजचं खातं आपल्या कॉम्प्युटरलाही जोडून ठेवलं होतं.

चौकशीत तो डगमगला नाही.

"मी काय केलंय साहेब? फोटू कुठं धाडला न्हाई, पैसं मागितलं न्हाईत. नुसतं वाचलं."

"मग तिलाच परत का पाठवायचास?"

"तिला कळावं, मला समदं ठावं हाय."

माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर पाठलागाचं कलमही लावलं; बाईच्या मेसेजवर नजर ठेवणंही त्यात येतं. कलमं सगळी जामीनपात्र, त्यामुळे तो ठाण्यातूनच सुटला. कॉम्प्युटर सील करून प्रयोगशाळेकडे रवाना केला. नवऱ्याने तिची माफी मागितली. पण पंचनामा व्हायचा होता. मेसेज हाच पुरावा, म्हणजे ते छापून पंचांसमोर वाचणं आलं. मी महिला पंच बोलावल्या, गरजेपुरतेच मेसेज घेतले. तरी नवऱ्यासाठी लिहिलेले तिचे शब्द ठाण्यात मोठ्याने वाचले गेलेच. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

उठताना म्हणाली, "आवं साहेब, त्यानं एकट्यानं वाचलं हुतं. आता कोर्टातबी वाचणार?"

"हो. तुम्हाला तक्रार मागे घ्यायची असेल तर..."

"न्हाई. वाचू द्या. पर तवा त्येला समोर उभा करा."

त्यानंतर अशी तक्रार आली की मी आधी विचारायचो, फोन सुरू कुणी करून दिला? बहुतेक वेळा उत्तर घरातच सापडे. पण दुसऱ्याचं खासगी वाचणाऱ्याला पकडायचं, तर तेच चारचौघांत वाचावं का लागावं, याचं उत्तर मला नोकरीत मिळालं नाही.

मी निवृत्त झालो तेव्हा प्रयोगशाळेचा अहवाल आला नव्हता. खटला अजून चालू आहे. तारीख पुढे गेली की ती मला फोन करून सांगते. लिहीत मात्र काही नाही, नवऱ्यालाही नाही.