दाजींच्या दुर्बिणीतली फुली

मेहुण्याला दाजी फारसे कळले नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून तो त्यांना अर्ध्याहून अधिक आयुष्य ओळखत होता. ते लिफ्टची दुरुस्ती करायचे, जेवताना बोलायचे नाहीत आणि दर रविवारी रायफल घेऊन गावाबाहेरच्या रेंजवर जायचे, एवढं त्याला माहीत होतं. मैदानाच्या पार टोकाला लावलेल्या कागदाला भोक पाडण्यात या माणसाला काय मिळतं, हे त्याने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी दाजींनी सांगितलं असतंच, असं नाही.

त्या वर्षी क्लबच्या चौघांच्या संघात दाजींचं नाव लागलं. सामना लांब पल्ल्याचा होता आणि संघात दाजीच सगळ्यांत म्हातारे. अशी संधी पुन्हा येणार नाही, हे न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं. आणि नेमके तेव्हाच त्यांचे नेम भरकटायला लागले.

"दुर्बीण गेली," दाजींनी निकाल दिला. "फुली जागेवर राहत नाही."

फुली म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीतून दिसणाऱ्या दोन बारीक रेषा. त्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथे नेम.

"मग नवी घ्या," ताई म्हणाली. "पण याला बरोबर न्या. एकटे गेलात की दुकानदाराला घाम फोडता आणि हात हलवत परत येता. मागे साधा टॉर्च आणायला गेला होतात..."

"तो टॉर्च सदोष होता."

"दुकानातले सगळेच?"

"सगळेच," दाजी म्हणाले आणि बूट घालायला लागले.

दुकान एका अरुंद गल्लीत, वरच्या मजल्यावर होतं. मागची खिडकी उघडली की छपरांच्या पलीकडे, खूप लांब, बंद पडलेल्या कारखान्याचं विटांचं धुराडं दिसायचं. दुकानदार स्वतः नेमबाज. माणूस गोलमटोल आणि बोलका. त्याने आल्याआल्या सगळ्यांत दणकट दुर्बीण पुढे केली. "ही बघा. धुराड्यावरून मुंगी चालली तरी दिसेल."

"मुंगीवर नेम धरायचा नाही मला," दाजी म्हणाले.

मग ते कामाला लागले. एकेक दुर्बीण लाकडी घोडीवर घट्ट आवळायची, फुली एका विटेच्या कोपऱ्यावर आणायची आणि दुर्बिणीला हात न लावता नुसतं डोकं जरा डावीकडे, जरा उजवीकडे न्यायचं. फुली विटेवरून सरकली की ती दुर्बीण बाद. न सरकलीच, तर वरची कळ टकटक करत बरीच फिरवायची, तेवढीच उलटी आणायची आणि फुली त्याच कोपऱ्यावर परत येते का ते बघायचं. दुकानदार जांभया देत होता. मेहुणा एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत उभा होता.

"दाजी, ताईला पसंत करताना एवढी तपासणी केली होती का हो?"

"तिने केली होती," दाजी डोळा न काढता म्हणाले. "माझी."

शेवटी तीन दुर्बिणी उरल्या. दुकानदाराने त्यातली एक रायफलच्या नुसत्या लाकडी दस्त्यावर बसवून दिली. दाजी चटईवर पालथे पडले आणि दस्ता खांद्याला लावून धुराड्याकडे बघत राहिले. बराच वेळ.

"ही पण उडते," ते म्हणाले.

दुसरी बसवली. तीही उडाली. तिसरीही.

"घोडीवर तर ढिम्म होत्या की," दुकानदार म्हणाला. "आणि थोडी उडणारच हो. नाडीचा ठोका खांद्यातून दस्त्यात उतरतो. माझीही उडते. तुम्ही बघा बरं, पाहुणे."

मेहुणा अवघडत खाली आडवा झाला. आधी त्याला काळोखच दिसला, मग आभाळ, आणि मग एकदम समोर वीट. फुली विटेवर जराशी उडत होती. टक, टक, टक, भिंतीवरच्या घड्याळासारखी.

"उडते, पण एका ठेक्यात," तो म्हणाला.

"एका ठेक्यात?" दाजींनी त्याला उठवलं आणि पुन्हा आडवे झाले. या वेळी ते मोठ्याने बोलत होते. "उडी. उडी. काही नाही. उडी, उडी, उडी. काही नाही. उडी."

दुकानदाराचा काच पुसणारा हात थांबला.

"दुर्बिणी काही पळून जात नाहीत," दुकानदार हळूच म्हणाला. "आधी डॉक्टरांकडे जाऊन या."

जिना उतरताना दाजी म्हणाले, "ताईला सांगू नकोस."

"का?"

"सामना होऊ दे."

मेहुण्याने आजवर दाजींना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी कसं कोण जाणे, तो म्हणून गेला, "आत्ता डॉक्टरांकडे चला. तरच गप्प बसतो."

दाजींनी त्याच्याकडे नवीनच कुणी भेटल्यासारखं पाहिलं, आणि चालायला लागले.

डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, कागदाची लांब पट्टी निरखली आणि औषधाची पुडी दिली. ठेका चुकतो आहे, दुर्लक्ष केलं तर महागात पडेल, रोज न चुकता घ्या, असं त्यांनी सांगितलं.

"हाताचं काय?" दाजींनी विचारलं.

"हात उलट जास्त स्थिर होईल."

या चांगल्या बातमीवर दाजींचा चेहरा उतरला. डॉक्टरांना कळेना. मेहुण्यालाही बाहेर रस्त्यावर आल्यावरच कळलं.

"हात स्थिर होतो ना, म्हणूनच या औषधाला नेमबाजीत बंदी आहे," दाजी म्हणाले. "हे घेऊन सामन्यात उतरणं म्हणजे लबाडी."

"पण तुम्हाला आजार आहे! तसं लिहून द्यायचं त्यांना."

"दिलं तरी सूट मिळत नाही. नेमबाजीत नाही." त्यांनी औषधाची पुडी कोटाच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं.

मेहुण्याची झोप उडाली. ताईला सांगावं तर दाजींना दिलेला शब्द मोडतो. न सांगावं तर उद्या तिला कुठल्या तोंडाने भेटायचं? दोन दिवस त्याने मनातल्या मनात दाजींशी वाद घातला, चांगले मुद्दे जुळवले, दाजींचीही उत्तरं स्वतःच देऊन ती खोडून काढली, आणि सगळी तयारी करून तो त्यांच्या घरी गेला.

ताई स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. दाजी टेबलाशी बसले होते.

"अगं, जरा पाणी दे," ते म्हणाले, आणि त्यांनी तिच्यादेखत औषध घेतलं.

"हे काय?"

"हृदयाचं. ठेका चुकतोय."

सुरी थांबली. "कधी कळलं?"

"परवा. दुकानात."

"कुठल्या दुकानात?"

"दुर्बिणीच्या."

ताईने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. "दुर्बिणीच्या दुकानात हृदय तपासतात? आणि तू रे? मूग गिळून बसलास?"

"त्याला बोलू नकोस. त्यानेच मला डॉक्टरांकडे नेलं," दाजी म्हणाले.

"आणि तुमचा सामना?"

"सकाळी क्लबमध्ये सांगून आलो. माझ्या जागी तिथल्याच एक शिवणकामवाल्या बाई जातील. नेम चांगला आहे त्यांचा." पेला खाली ठेवत ते म्हणाले, "माझ्याइतका नाही."

ताईने डोळे पुसले आणि कांद्यावर ढकललं. मेहुण्याचे सगळे मुद्दे तसेच राहिले. त्या दोन दिवसांत दाजींच्या मनात काय चाललं होतं, कशाने त्यांचा निर्णय झाला, हे त्याला तेव्हा समजलं नाही आणि पुढेही नाही.

महिनाभराने दाजी पुन्हा दुकानात गेले. उरलेल्या तिन्हींतली सगळ्यांत कमी ताकदीची दुर्बीण त्यांनी उचलली.

"सामना नाही, तर आता निवांत मोठी घ्या की," दुकानदार म्हणाला.

"हिच्यात आजूबाजूचं गवत दिसतं."

"गवत कशाला?"

"वारा कळतो," दाजी म्हणाले.

त्यानंतर रविवारी मेहुणाही रेंजवर जायला लागला. दाजींच्या शेजारी पडून तो लांबची भोकं बघायचा आणि सांगायचा. औषधाने दाजींची फुली आता जागची हलत नव्हती. इतके नेटके नेम त्यांनी आयुष्यात धरले नसतील, आणि ते कुठल्याच सामन्यात मोजले जाणार नव्हते. तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मेहुण्यानेही नाही.

असे बरेच रविवार गेले. मग एका आठवड्यात मधल्याच वारी, दुपारी पडल्या पडल्या, दाजी गेले. त्याआधीच्या रविवारी दोघं नेहमीसारखे रेंजवर होते. येताना गाडीत काही बोलणं झालं नाही, कारण गाडी चालवताना दाजी बोलतच नसत. शेवटचं जे काही बोलणं झालं ते रेंजच्या फाटकाशी, दाजी रायफल पेटीत ठेवत असताना.

"औषध घेतलंत का दुपारचं?"

"घेतलं."

"नक्की?"

"अगदी तुझ्या ताईसारखा बोलायला लागलास. बस गाडीत."