देवीच्या वळणावरचा हॉर्न

मोटारीत वायर तुटली असेल तर ती मला अजूनही पाच मिनिटांत सापडते. बल्बची टोकं लावत पुढे सरकायचं. उजेड जिथे थांबला, तिथे दोष. अवघड असतो तो येता-जाता फॉल्ट. गिऱ्हाईक म्हणतं गाडी रस्त्यात मरते, आणि दुकानासमोर ती गुमान चालते. अशा वेळी हातातली पक्कड खाली ठेवायची आणि चालवणाऱ्याला विचारायचं, बाबा, गाडी कुठे मरते आणि तेव्हा तू काय करत असतोस? हे मी पुढे अनेकांना शिकवलं. मी स्वतः ते कोणाचं नुकसान करून शिकलो, तेवढं शिकवताना गाळत आलो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. तुमसरला राइस मिलांच्या रस्त्यावर माझं दुकान होतं. वय तिशीच्या आत, आणि वायरिंगच्या कामात आपल्या तोडीचा कोणी नाही याची पक्की खात्री. ती खात्री खोटीही नव्हती. साकोलीहून गाड्या ओढून आणायचे लोक माझ्याकडे.

जवळच्याच एका मिलच्या शेठकडे वडिलांच्या वेळची काळी मोटार होती. ती चालवणारा ड्रायव्हर चाळिशीचा, तलावात मासे धरणाऱ्या घरातला. त्याच्या घरात स्टिअरिंगला हात लावणारा तो पहिलाच. एके सकाळी त्यानं गाडी माझ्याकडे आणली.

"चालता चालता मरते, मिस्त्री. थोडा दम खाल्ला का आपल्या मनानं चालू होते."

"कुठं मरते?"

"देवीच्या वळणावर."

शेठच्या शेतीकडे जाणारा रस्ता तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, जातो. पाळ संपली की एकदम उतार आणि डाव्या हाताला वळण. त्या वळणाच्या कुशीत मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेली देवी. वळणाच्या खालच्या अंगाला ड्रायव्हरचं गाव.

"अन् दुसरीकडं कुठं?"

"कुठंच नाई. तिथंच."

"देवी काय पक्कड घेऊन बसली हाये का तिथं?"

दुकानात बसलेले हसले. तो हसला नाही. म्हणाला, "देवीवर आळ घेऊन नाई राहिलो मी. जागा सांगून राहिलो."

मी गाडी तपासली. बॅटरी, डायनामो, कॉइल, सगळं पाहिलं. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पार टोकापर्यंत फिरवलं. मग स्टिअरिंग सरळ करून हॉर्न दाबला. आदल्या दिवाळीत मीच शेठच्या हौसेखातर जोड-हॉर्न बसवला होता, तो ठणठणीत वाजला. गाडीनं एकदाही दगा दिला नाही. तीन वेळा तो आला आणि तिन्ही वेळा हेच झालं.

चौथ्यांदा शेठ स्वतः आले. "मिस्त्री, मले खरं सांगा. दोष गाडीत हाये का मानसात?"

'मला सापडत नाही' एवढंच म्हणायचं होतं. ते माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, "गाडीत काई नाई, शेठ. गाडी बंद पडते ती बरोबर त्याच्या गावाजवळ. आता तुमीच समजा."

शेठ समजले. दुसऱ्या दिवशी मिलच्या आवारात, हमालांच्या देखत, त्यांनी त्याच्याकडून चावी काढून घेतली. मी तिथे मोटरपंप पाहायला गेलो होतो. शेठनी मलाच पुढे केलं, "सांगा मिस्त्री." आणि मी मोठ्यानं सांगितलं, "गाडी ठीक हाये. हा खोटं बोलून राहिला."

नवा ड्रायव्हर रायपूरकडचा होता. त्याच्या हाती गाडी वर्षभर एकदाही मेली नाही. यापेक्षा आणखी पुरावा काय हवा? तुमसरात माझं नाव वाढलं. त्या माणसाला मात्र दुसऱ्या कोणत्याही मिलवाल्यानं उभं केलं नाही. लोक त्याला 'देवीवाला डायवर' म्हणायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात त्या मोटारीचा डायनामो मी दुरुस्त केला आणि ट्रायलसाठी ती एकटाच घेऊन निघालो. बरा लांब रस्ता म्हणून पाळीकडे वळलो. उतारावर गाडी हळू केली, डावीकडे पूर्ण स्टिअरिंग कापलं आणि देवी दिसताच हॉर्न लांब दाबून धरला.

गाडी मेली.

आमच्याकडे गाडी चालवताना देवी ओलांडायची तर हात जोडता येत नाहीत, म्हणून हॉर्न देतात. बसवाले देतात, ट्रकवाले देतात. तो नमस्कारच असतो. हात आपोआप जातो, म्हणून कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. रायपूरवाल्याची ती देवी नव्हती. तो मुकाट्यानं वळण घेऊन जात होता.

आता मला बॉनेट उघडायचीही गरज नव्हती, तरी उघडली. जोड-हॉर्नची वायर फ्यूजपर्यंत न्यायचा कंटाळा करून मी ती कॉइलला करंट देणाऱ्या वायरलाच पिळून जोडली होती आणि वरून टेप गुंडाळली होती. हॉर्नची वायर स्टिअरिंगच्या दांड्यालगत गेलेली, त्यामुळे चाकं डावीकडे पार वळली की तो जोड ताणला जायचा. तशात इंजिन मंद, आणि दोन हॉर्न एकदम जोराचा करंट ओढत. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की जोड करंट सोडायचा, कॉइल मरायची आणि ठिणगीविना इंजिनही. स्टिअरिंग सरळ केलं, जोड गार झाला, की पुन्हा चालू. दुकानात मी स्टिअरिंग फिरवलं तेव्हा हॉर्न दाबला नव्हता, आणि हॉर्न दाबला तेव्हा स्टिअरिंग सरळ होतं.

तिथेच झाडाखाली अर्ध्या तासात मी तो जोड नीट केला. गाडी मिलमध्ये उभी केली. शेठनी विचारलं, "कशी काय चालली?" मी म्हणालो, "बढिया."

त्यानंतर दोन वर्षं मी काही बोललो नाही. सांगायची संधी मिळाली नाही असं मी म्हणणार नाही. तो दर आठवडी बाजारात मासळी घेऊन बसायचा आणि मी दुसऱ्या बाजूनं वळसा घालून जायचो.

एका बाजारी वळसा घालायला जागाच नव्हती. त्याच्यासमोर एक गिऱ्हाईक उभं होतं, माझ्या पाठीला मिठाई विकणाऱ्याची गाडी, मध्ये मी अडकलो. गिऱ्हाईक मासा उचलून म्हणालं, "काहून गा देवीवाला, मच्छी तरी खरी हाये का?" आजूबाजूचे खिदळले. त्यानं मान वर न करता मासा तागडीत टाकला. शेजारी त्याची बायको बसली होती. तिनं पदर तोंडाशी नेला.

गिऱ्हाईक गेल्यावर मी तिथेच उकिडवा बसलो आणि त्याला सगळं सांगितलं, वळण, हॉर्न, माझा जोड. तो मधे एकदाच बोलला, "कोनती वायर?" मी सांगितली. त्यानं ओल्या फडक्याला हात पुसले.

"मले सांगून काय होते? मले तं मालूमच होतं का मी खोटं नाई बोललो. जेथं बोलले होते, तेथं चाला."

"आता?"

"आता नाई तं कवा? बसून राहिली हाये ना बाई मच्छीजवळ."

आम्ही चालत मिलवर गेलो. माझे पाय जड नव्हते, उलट बऱ्याच दिवसांनी हलके पडत होते. शेठ वजनकाट्याजवळ उभे होते, हमाल पोती चढवत होते. मी तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं. दोष गाडीत होता, तो मी केला होता, तो मला कळूनही मी दोन वर्षं गप्प राहिलो, आणि खोटं मी बोललो, यानं नाही.

हमाल थांबले. शेठ म्हणाले, "जुनी गोष्ट हाये, मिस्त्री. जाऊ द्या."

"तुमच्यासाठी जुनी," ड्रायव्हर म्हणाला. "मले आजच बाजारात आयकू आली."

शेठ त्याला म्हणाले, "उद्यापासून येजो गाडीवर."

"येतो. पन गाडीचं काम ह्याच्याचकडं राहू द्या, शेठ. आता हा इचारल्याबिगर बोलनार नाई."

एका हमालाला हसू फुटलं. मी मान हलवली.

तो पुढे अनेक वर्षं गाडी घेऊन माझ्याकडे येत राहिला. दुकानातल्या बाकावर तो कधी बसला नाही. बॉनेटशी उभा राहायचा आणि मी उघडलेला प्रत्येक जोड बंद करण्याआधी वाकून पाहायचा. एखाद्यावर बोट ठेवून म्हणायचा, "हा खोला." मी तो पुन्हा खोलून त्याला दाखवायचो.