सोल्युशन लावून पाठवलेली चित्रं

माझी आठ चित्रं मी प्लंबिंगच्या पीव्हीसी नळीत भरली, दोन्ही तोंडांना टोपणं बसवली, आणि ती टोपणं सोल्युशनने कायमची चिकटवून नळी नागपूरला पाठवून दिली.

यात कुणाची फूस होती असं म्हणायचीही सोय नाही. बायको पहिल्यापासून विरोधात होती.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही मीरारोडला, पूनम सागर वसाहतीत राहायला आलो. ऑफिस सांभाळून उरलेल्या वेळात मी लिनोकट करायचो. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. एक रंग छापून झाला की त्याच तुकड्यावर आणखी कोरायचं आणि दुसरा रंग छापायचा. शेवटचा रंग होईस्तोवर तुकड्यात काही उरत नाही, त्यामुळे ते चित्र पुन्हा निघत नाही. माझ्या हाताच्या गुणाने प्रत्येक चित्राची धड अशी एकेकच प्रत निघाली होती.

नागपूरच्या एका निवृत्त ड्रॉइंग सरांनी छोट्या छापचित्रांचं प्रदर्शन ठरवलं होतं आणि माझी आठही मागवली होती. जन्मात पहिल्यांदा माझं काहीतरी भिंतीवर लागणार होतं. घरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं.

पोस्टाचा भरवसा नको म्हणून आधी मी दोन वाया गेलेल्या प्रती जाड पाकिटात घालून स्वतःच्याच पत्त्यावर धाडल्या. पाकिटावर लाल अक्षरांत लिहिलं, ‘घडी घालू नये’. पोस्टमनने ते जिन्याखालच्या पत्रपेटीत मावावं म्हणून दुमडलं. घडी नेमकी त्या लाल अक्षरांवर पडली होती.

“अहो, साडीच्या खोक्याचे दोन पुठ्ठे घ्या,” बायको म्हणाली. “मध्ये सपाट ठेवा. वीतभर तर चित्रं आहेत.”

“पुठ्ठा वाकतो.”

“मग एकाच्या आतल्या रेघा उभ्या ठेवा, एकाच्या आडव्या. कोण वाकवतोय बघू.”

उत्तर इतकं बरोबर होतं की ते मान्य करणं मला शक्यच नव्हतं.

तेव्हा आमच्याकडे नव्या इमारती उठत होत्या आणि जिकडेतिकडे नळांची कामं चालू असायची. आमच्या जिन्यात काम करणाऱ्या प्लंबरकडून मी नळीचा तुकडा मागून घेतला. आत चित्रं हलू नयेत म्हणून तो नेमका चित्रांच्या उंचीएवढाच कापून घेतला. प्रत्येक चित्रावर बटर पेपर ठेवला, सगळी एकात एक गुंडाळली आणि आत सरकवली. प्लंबर सोल्युशनचा डबा देत म्हणाला, “साहेब, एकदा लावलं की सुटत नाय हां. कापायलाच लागतं.” मी हे गॅरंटी म्हणून ऐकलं.

आठवड्याने, शनिवारी, पोस्टकार्ड आलं. ‘आपली नळी मिळाली. उघडत नाही. सोमवारी प्रदर्शन. कळवावे.’ खाली फोन नंबर.

रविवारी सकाळी मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर. सरांनी फोन उचलला.

“सर, करवतीने कापावी लागेल.”

“करवत शेजारून आणून ठेवली आहे. कुठल्या बाजूने कापू?”

इथे मला समास आठवले. चित्रांच्या वरच्या अंगाला समास बोटभरसुद्धा नव्हता, खालच्या अंगाला चांगला दोन बोटं होता. खालून कापलं तर कोरा कागद जाणार, वरून कापलं तर आठही चित्रांची डोकी. आणि टोपणं तर दोन्ही सारखीच.

“डावीकडून,” मी म्हणालो.

“नळीला डावी बाजू कुठे असते?”

“सर, पत्ता सरळ वाचता येईल अशी धरा. मग डावीकडून.”

पत्ता लिहिताना नळी कशी धरली होती ते मला अजिबात आठवत नव्हतं. पण आवाजात मी खात्री ठेवली.

“फोन धरा,” म्हणून सरांनी रिसीव्हर बाजूला ठेवला. मग नागपूरहून आवाज येऊ लागला. खर्र, खर्र. मध्येच थांबायचा, पुन्हा खर्र. काचेबाहेर रांग वाढली होती. एकाने दार उघडून डोकं आत घातलं. “भाईसाब, कुछ बोल तो रहे नहीं आप. सब ठीक है ना?”

“काट रहे हैं,” मी म्हणालो. त्याने घाईघाईने दार लावलं.

खर्र थांबलं. कागदांची सळसळ झाली. मला लिनोचे तुकडे आठवत होते, खोदून खोदून सपाट झालेले.

“हॅलो,” सर म्हणाले. “चित्रं शाबूत आहेत. जरा गोल झालीत, आज रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवतो. उद्या लावू.”

माझ्या जिवात जीव आला. “म्हणजे खालूनच कापलं गेलं!”

“हो. खालचा समास गेला. तिथे तुम्ही पेन्सिलीने सही करता ना? आठही सह्या गेल्या.”

“अरेरे! सर, मग चित्रं कुणाची ते लोकांना कसं कळणार?”

“चित्रांखाली चिठ्ठी लावायचा विचार होता माझा,” सर म्हणाले. “पण नळी उघडायला अर्धं गाव येऊन गेलंय. ही नळीसुद्धा तुमचीच, हे त्यांना सांगायचं असेल तरच लावतो.”