बसचे सहाशे

आमच्या जिन्यावर, समोरच्या दारात, एक उद्योगपती राहतात. ही पदवी त्यांना मीच दिली आणि त्याबद्दल त्यांच्या बायकोनं मला अजून माफ केलेलं नाही. पण ज्या माणसानं नऊ वर्षांत तीन धंदे काढले आणि तिन्ही बुडवले, त्याला दुसरं म्हणायचं तरी काय? आधी झेरॉक्सचं दुकान काढलं. शेजारच्याच गाळ्यात झेरॉक्सचं दुसरं दुकान होतं, म्हणजे गिऱ्हाइकांना पत्ता शोधावा लागणार नाही, असं यांचं गणित. मग शोभेचे मासे. ते एका आठवड्यात मेले. मग पाणी शुद्ध करायची यंत्रं. त्यातली चार अजून त्यांच्या पलंगाखाली खोक्यात आहेत. माणूस मात्र गोड. कर्ज मागायला आला तरी देणाऱ्याला वाटावं, आपणच काहीतरी मिळवलं.

बायको लाँड्रीत काउंटरवर बसते. बावीस वर्षं झाली. सगळी गल्ली तिला टोकनबाई म्हणते, कारण तिचा एकच कायदा आहे: टोकन नाही तर कपडा नाही. एकदा लाँड्रीच्या मालकाचा सख्खा भाऊ स्वतःचा कोट मागायला आला. टोकन हरवलं होतं. बिचारा लग्नाला स्वेटर घालून गेला. आणि नजर म्हणाल तर कपड्यावरून ती माणूस वाचते. माझ्या शर्टाची बाही उलटी करून तिनं भर दुकानात विचारलं होतं, "काका, डॉक्टरांनी बंद केलेली तपकीर पुन्हा सुरू झाली वाटतं?" शेजारी आमची ही उभी होती. पुढचं सांगत नाही.

तर तिसरा धंदा बुडाला तेव्हा या बाईनं एका रविवारी नवऱ्याला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "कोणाचं किती देणं आहे, ते आज सगळं सांगायचं." आमच्या दोन दारांमध्ये सहा पावलांचं अंतर आहे आणि मला ऐकू उत्तम येतं. त्यानं आधी बँक सांगितली. घराचे कागद तिथे अडकले होते, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. चहा झाल्यावर पतसंस्था निघाली. मग झेरॉक्स मशीनवाला, मग फ्रिजचे हप्ते, आणि दुपारचे बारा वाजता एक शाळेतला मित्र. लाँड्रीनं प्लास्टिकची टोकनं आणली तेव्हा जुनी पितळी टोकनं तिनं घरी आणून ठेवली होती. त्यातली पाच काढून तिनं ओट्याच्या वर पाच खिळ्यांना लावली. प्रत्येकाचा नंबर वहीत, पुढे नाव आणि आकडा.

"आणखी?"

"नाही."

"नीट आठवा."

"अगं, नाही म्हणतोय ना!"

"ठीक आहे. यापुढे ज्याला टोकन नाही असं कर्ज या घरात चालणार नाही. एक जरी निघालं ना, तर तुमचे सगळे कपडे मी स्वतः धुईन, इस्त्री करीन, गठ्ठा बांधीन आणि दाराबाहेर ठेवीन. गठ्ठ्याशेजारी तुम्ही."

आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर तो कमी घाबरला असता. ही बाई बोलली की ते होतं, स्वेटर घालून लग्नाला गेलेल्या माणसाला विचारा.

आणि सहावं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यानं मला जिन्यात गाठून सांगितलं. "काका, एक राहिलंय. छत्तीस हजार. देणाऱ्यानं शपथ घातलीय, हिला कळता कामा नये. कसं फेडू?" कोणाचं, ते त्यानं मलाही सांगितलं नाही. मी ही गोष्ट जवळजवळ चार वर्षं पोटात ठेवली. आमच्या हिला ते आजही पटत नाही.

मग घर चालू लागलं टोकनबाईच्या कायद्यानं. लाँड्रीत वर्षानुवर्षं कोणी न्यायला येत नाही असे शर्ट साठतात. मालकाला विचारून तिनं त्यांचे खिसे कापून आणले आणि कपाटाच्या दाराला आतून कापड लावून त्यावर ओळीनं शिवले. पट्ट्यापट्ट्यांचा खिसा दुधाचा, निळा विजेचा, चौकडीचा पोरीच्या शाळेचा. एक तारखेला दोघांचे पगार त्या खिशांत जायचे. खिसा रिकामा झाला की तो खर्च संपला. वीस तारखेनंतर त्यांच्याकडे चहा काळा असायचा. उद्योगपती एका रंगाच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून लागले होते. त्यांच्यासाठी तपकिरी खिसा होता, बसचा, महिना सहाशे.

ते सहाशे बसला कधीच मिळाले नाहीत. उद्योगपती चालत जायचे. चार किलोमीटर जायला, चार यायला. गोदामात जुने बूट ठेवले होते, तिथे बदलायचे. संध्याकाळी जिन्याखाली माझ्या ब्रशनं पँट झटकून वर यायचे. ब्रश माझा का? त्यांच्या घरातल्या ब्रशचा एक केस जरी वाकडा झाला असता तरी तिला कळलं असतं.

पहिलाच महिना संपला आणि ओट्यावर सहाव्या खिळ्याला सहावं टोकन लटकलं. ते पाहून या माणसाला वाटलं, आपलं सहावं फुटलं.

"हे... हे कोणाचं?"

"आहे एकाचं. कर्ज माझं आहे, वहीत लिहिलंय. तुम्हाला लपवाछपवीची सवय आहे, मला नाही."

"पण कोणाचं?"

"ते सांगायचं नाही असं ठरलंय."

तो तसाच माझ्याकडे आला. मला म्हणतो, "काका, ती मला खेळवतेय का?" मी म्हटलं, खेळवत असती तर गठ्ठा दिसला असता. तू चालत राहा.

एकेक टोकन उतरत गेलं. व्याज जास्त त्याचं आधी फेडू, असं नवऱ्याचं म्हणणं होतं. ती म्हणाली, "काउंटरवर रोज येऊन जो ओरडतो त्याचे कपडे आधी. म्हणजे मग शांतपणे काम करता येतं." मित्र ओरडत होता, तो पहिला गेला. मग फ्रिज, मग मशीनवाला. पतसंस्थेला तिसरं वर्ष लागलं. बँकेचा हप्ता एकदाही चुकला नाही. शेवटी दोनच टोकनं राहिली, बँकेचं आणि ते सहावं, आणि बँकेचा एकच हप्ता बाकी. घराचे कागद ठेवायला तिनं शिवलेली कापडी पिशवीसुद्धा मला दाखवली.

नेमकं तेव्हाच गोदामाच्या वाटेवर पाइपलाइनसाठी रस्ता खणला. खालून पिवळी चिकट माती निघाली. ब्रशनं पँटवरची गेली, दुमडीच्या टाक्यांत राहिली.

"बस घरासमोर थांबते," ती म्हणाली, "आणि गोदामासमोर थांबते. ही माती कुठली?"

तो वाकून दुमड झटकू लागला.

"सिगारेटचा वास नाही. खिशात बिल नाही, तिकीट नाही. म्हणजे पैसे खर्च होत नाहीत, कोणाला तरी जातात. कोणाचं देणं आहे?"

"सांगता येत नाही गं. शब्द दिलाय."

"किती दिवस?"

"पंचेचाळीस महिने."

त्यानंतर त्या घरातून फक्त इस्त्रीचा आवाज आला. शनिवारची सगळी दुपार.

रविवारी सकाळी मी पेपर घ्यायला दार उघडलं तर समोर गठ्ठा. चारी कोपरे बरोबर, वर गाठ, चिठ्ठी टाचलेली. आणि शेजारी पायरीवर उद्योगपती. दारात पोरगी उभी, वय पंधरा, डोळे सुजलेले.

महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे सासरे जेवायला यायचा दिवस. टोकनबाईचे वडील, अण्णा. चौतीस वर्षं पोस्टमन होते, आता दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत एकटे राहतात. ते जिना चढून आले, गठ्ठा पाहिला, जावयाला पाहिलं.

"जावईबापू, निघालात कुठे?"

"मी निघालो नाही अण्णा. काढलंय."

"अण्णा, तुम्ही मधे पडू नका," आतून टोकनबाई आली. "यांनी कर्ज लपवलंय. बसचे पैसे दर महिन्याला कोणाच्या तरी घशात घालतायत आणि नाव सांगत नाहीत."

म्हाताऱ्यानं चष्मा काढून पुसला आणि मटकन गठ्ठ्यावरच बसला.

"अण्णा, इस्त्रीचे आहेत!"

ते उठले. "माझ्या घशात," म्हणाले.

"काय?"

"झेरॉक्सच्या दुकानाला मी दिले होते. छत्तीस हजार. तुला कळलं असतं तर तू मला ओरडली असतीस, म्हणून त्यांना शपथ घातली. ते दर महिन्याला सहाशे आणून देतात. आता नऊ हजार राहिले."

टोकनबाईनं दाराची चौकट धरली. "सहाशे? आणि तुम्ही दर महिन्याला काउंटरवर मला देता ते सहाशे?"

"तेच."

"पेन्शनीतून उरलेत म्हणालात!"

"उरलेत एवढंच म्हणालो. पेन्शन तू म्हणालीस. मला ते नकोच होते, म्हणजे उरलेच की. हे बघ, माझं काम जन्मभर इथून घ्यायचं आणि तिथे द्यायचं. पाकीट घरी ठेवून घ्यायची सवय नाही मला."

"मी ते फुकट घेतले नाहीत," ती म्हणाली. "टोकन लावलं. सहावं."

आता उद्योगपती उभे राहिले. "ते टोकन अण्णांचं होतं?"

पोरीनं माझ्या हातातला पेपर ओढला आणि कडेला आकडेमोड केली. "आईच्या वहीत आजोबांचं देणं सत्तावीस हजार. पप्पांच्या हिशोबात आजोबांचं देणं नऊ हजार. मिळून छत्तीस. म्हणजे पहिल्या दिवशी होतं तेवढंच!"

"म्हणजे मी पंचेचाळीस महिने फुकट चाललो?" उद्योगपतींचा आवाज अगदी बारीक झाला.

टोकनबाईनं पोरीची बेरीज एकदा स्वतः करून पाहिली. मग म्हणाली, "फुकट नाही. बँकेच्या हप्त्याला दर महिन्याला पाचसहाशे कमी पडायचे. अण्णांचे घालून मी तो भरत होते. तुम्ही बँकेत चालत होतात."

एवढं झालं तरी गठ्ठा तिथेच होता, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. कायदा तिचा. मोडायला सांगणार कोण? अण्णासुद्धा जिन्याकडे बघत राहिले. ती आत गेली, वही आणली, सहाव्या नंबरचं पान उघडलं.

"टोकन होतं," ती म्हणाली. "नाव बरोबर होतं. आकडा चुकला होता." सत्तावीसवर काट मारून छत्तीस लिहिले. "टोकन असलेल्या कर्जासाठी मला कोणाला बाहेर काढता येत नाही. घ्या तो आत. आणि पुन्हा इस्त्री मागू नका, महिनाभर पुरेल एवढी केलीय."

उद्योगपतींनी गठ्ठा उचलला आणि तिथेच, आम्हा सगळ्यांसमोर, रडले. ती म्हणाली, "त्यावर नको."

अण्णा म्हणाले, मला एक पैसा नको. ती म्हणाली, नको कसं, टोकन आहे. त्या महिनाअखेरीस घराचे कागद कापडी पिशवीत आले आणि बँकेचं टोकन उतरलं. आता एकच राहिलंय. महिना बाराशेनं तीस महिने, त्यातले अकरा झाले. उद्योगपती अजून चालत जातात, पण आता ब्रश परत केलाय आणि तपकिरी खिशात पैसे ठेवतच नाहीत.

अण्णा ते बाराशे निमूटपणे घेतात. टोकनबाईला वाटतं, म्हातारा सुधारला. मला विचाराल तर दर महिन्याच्या पाच तारखेला ते नातीला शाळेच्या फाटकापाशी गाठतात आणि पाकीट देतात, कॉलेजसाठी. घरी सांगायचं नाही, अशी मला शपथ घातलीय. म्हणून मी घरी सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतोय.

परवा पोरगी आमच्या हिच्याकडून हातोडी मागून घेऊन गेली. संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून मी डोकावलो. तिच्या अभ्यासाच्या टेबलामागे एक नवा खिळा होता, आणि त्याला एक पितळी टोकन.